फळीपलीकडचे मामा

हॉटेलच्या खोलीत उतरल्यावर माणसाने सर्वांत आधी भिंत बघावी.

गादी, उशी, कडी, खिडकी हे नंतर बघितलं तरी चालतं. गादीत ढेकूण असले तर ते रात्रभर चावतात आणि सकाळी प्रकरण मिटतं. भिंतीचं तसं नाही. भिंत कशाची आहे, तिच्यापलीकडे कोण आहे आणि त्या माणसाचं आपल्याबद्दल काय मत होत चाललंय, हे मला वेळीच कळलं असतं तर माझ्या लग्नाची ही गोष्ट दोन ओळींत सांगून झाली असती. (मी आजवर एकदाच लॉजमध्ये उतरलो आहे. पण ज्यांना याचा पुष्कळ अनुभव असतो ते सल्ला देत बसत नाहीत, ते सरळ झोपतात. म्हणून हे काम माझ्यासारख्यावर येतं.)

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि पोलादपूरजवळ लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. महाडच्या एका भाताच्या व्यापाऱ्याची मुलगी, सुमन, हिचं स्थळ मला सांगून आलं होतं. मुलगी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेली, वाचनाची आवड असलेली, असं मध्यस्थाने कळवलं होतं. 'वाचनाची आवड' एवढं ऐकून मी तिला न बघताच निम्मा होकार देऊन बसलो होतो. आमच्या भागात मास्तराला बोलायला माणूस मिळत नाही. जी मिळतात ती सगळी तिसरीत असतात. मला घरात बोलायला कुणीतरी हवं होतं. हे लग्न जमावं अशी माझी फार इच्छा होती आणि ती मी कुणापासून लपवलीही नव्हती.

मुलगी सकाळी आठला बघायची होती. आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पोटात. तिथून उतरून, पोलादपूरला एसटी धरून आठाच्या ठोक्याला महाडात हजर होणं शक्यच नव्हतं. आदल्या दिवशी जावं, तर मुलीच्या घरी उतरायची सोय नव्हती, कारण मे महिना होता आणि त्यांनी कौलं चाळायला सगळं छप्पर उतरवून ठेवलं होतं. तेव्हा मुलीच्या वडिलांनीच आमच्यासाठी लॉजमध्ये एक खोली सांगून ठेवली. मध्यस्थ आमच्याबरोबर येणार होता, पण ऐन वेळी त्याची म्हैस व्यायला झाली आणि आम्ही तिघंच निघालो. आबा, आई आणि मी.

'लॉज चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे' असं पत्रात लिहिलं होतं. तिथेच पहिला घोटाळा झाला. आमच्या वाडीत हाकेचं अंतर म्हणजे दीड मैल. एक घर या टेकाडावर, दुसरं त्या टेकाडावर, मध्ये दरी. आबांनी समोरच्या काकाला 'जेवलास का रे' असं ओट्यावरून विचारलं की दरीत चरणारी गुरं मान वर करत. त्यामुळे आम्ही लॉज ओलांडून महाडच्या बाहेर गेलो आणि मग विचारत विचारत परत आलो.

खाली टेबलाशी मॅनेजर बसला होता. त्याने आबांना नाव विचारलं. आबांनी सांगितलं. मॅनेजरने टाक खाली ठेवला आणि दोन्ही कान चोळले.

"हळू बोला हो. वर फळ्यांच्या भिंती आहेत. तुमच्या शेजारच्या खोलीत मुलीचे मामा उतरलेत, मुंबईहून खास आलेत. आत्ता बाजारात गेलेत म्हणून बरं. ते आले की तुमचं शब्दन् शब्द त्यांना ऐकू जाईल."

आबांचा चेहरा उतरला. आमच्याकडे मुलीचं लग्न बाप जमवतो, पण मोडायचा अधिकार मामाचा असतो. लग्नात तो मुलीच्या पाठीशी नुसता उभा राहतो असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे तो तिथे उभा राहायला कबूल झालेला असतो, हे महत्त्वाचं.

वर खोलीत गेल्याबरोबर आबांनी दार लावून घेतलं आणि आम्हाला जवळ बोलावलं.

"मामा येईल आता. कोणी काय बोलायचं नाय. बोललंच तर कुजबुजायचं. समजलं?"

हे त्यांनी कुजबुजूनच सांगितलं. खालून मॅनेजरने विचारलं, "मला बोलावलंत का?"

कुजबूज आमच्या घराण्यात नव्हतीच, ती एका संध्याकाळीत कुठून येणार. आई म्हणाली, "मंग आपल्या खुना हायत की." आबांनी मान डोलावली आणि आम्ही खुणांवर आलो.

या खुणा समजावून सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. पावसाळ्यात दरीतला ओढा गर्जायला लागला की हाक ऐकू जात नाही, म्हणून आमच्या वाडीने खुणा बसवलेल्या आहेत. डोक्यावरून फडका गोल फिरवला म्हणजे गुरं शेतात शिरली, वळवा. दोन्ही हात वर म्हणजे भाकरी आली. डोक्यावर पंजा ठेवून उभं राहिलं म्हणजे पाहुणे आलेत, घरी या. दोन्ही हात कमरेवर ठेवून खांबासारखं थांबलं म्हणजे वाघरू दिसलंय, हलू नका. या खुणा दरीपलीकडून दिसायला हव्यात, म्हणून त्या मोठ्या असतात. आमची खोली दहा बाय आठ होती.

मी मास्तर असल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीची चौकशी करायची सवय. हॉटेलच्या खोलीत दुसरी गोष्ट बघावी ती सूचनांची पाटी. दाराच्या मागे एक होती. त्यावर 'सुचना' असा पहिलाच शब्द चुकलेला. मी खिशातला खडू काढून त्याचा ऊकार दीर्घ केला, मग 'विनाकारन'च्या 'न'चा 'ण' केला, मग 'मालकाचि'कडे वळलो. पाटी संपल्यावर मी खुंट्या मोजल्या, खिडकीचे गज हलवून बघितले, माठात डोकावलो. आणि मग भिंतीकडे गेलो. सगळं उलट्या क्रमाने केलं, हीच माझी चूक.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शेजारचं दार उघडलं, बंद झालं. खाट करकरली. एक खोकला ऐकू आला. मामा आले होते.

आम्ही तिघं जागच्या जागी बसून राहिलो. पलीकडून काही बोलणं ऐकू येईना. माणूस कसा असेल, जाडा की बारीक, रागीट की हसरा? माझ्या लग्नाचा निकाल एका फळीपलीकडे बसला होता आणि मला तो बघायला मिळत नव्हता, हे काही मला सहन होईना. मी फळीवरून हात फिरवत गेलो. एका ठिकाणी लाकडातली गाठ निखळून चिंचोक्याएवढं भोक पडलं होतं. मी आबांकडे पाठ केली आणि भोकाला डोळा लावला.

पलीकडे काळोख होता. बाहेर अजून चांगला उजेड असताना खोलीत एवढा काळोख कसा, खिडकी नाही की काय, असा विचार करत मी बघत राहिलो. थोड्या वेळाने काळोखाची पापणी लवली.

मी मागे सरकलो. 'मामा भोकातून बघतायत' याला आमच्या वाडीत खूण नाही, कारण असा प्रसंगच कधी आलेला नाही. त्यातल्या त्यात जवळची म्हणून मी वाघराची खूण केली. दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि खांबासारखा उभा राहिलो.

आईने हातातली भाकरी खाली ठेवली आणि वाकून खाटेखाली बघितलं. आबा उभे राहिले. 'कुठं' हे विचारायला त्यांनी खांद्यावरचा फडका घेऊन दोनदा झटकला. फडका दरीच्या मापाने झटकला गेला आणि माठावरचा तांब्या खाली आला. त्याच्यामागोमाग माठ. पाणी फळ्यांच्या जमिनीवरून पसरलं आणि फटींतून खाली गेलं.

"कोण पाणी ओततंय वरून?" खालून मॅनेजर ओरडला. "अहो, वहीवर पडतंय! कोण आहे?"

आबांनी तोंडावर बोट ठेवलं होतं. आई लुगड्याच्या पदराने जमीन टिपत होती, आणि मी अजून खांबासारखा उभा होतो, कारण वाघराची खूण सुरू केली की वाघरू जाईपर्यंत सोडायची नसते.

त्यानंतर आम्ही इतके शांत राहिलो की तशी शांतता मी शाळा तपासायला साहेब आले तेव्हाही ऐकलेली नाही. भाकरी खाताना आईने कांदा बुक्कीने फोडायचा टाळून तो हळूच चिरला. पलीकडूनही शब्द नाही. मधूनमधून खोकला, विडीचा वास, एवढंच. झोपायच्या वेळी आईने फळीकडे बोट दाखवलं, ओठांना हात लावला आणि हात हलवला. मामा मुका आहे की काय, असं तिला म्हणायचं होतं. आबांनी विचार केला आणि हळहळून मान हलवली. एवढ्या वेळात एक शब्द न बोलणारा माणूस आमच्यापैकी कुणी बघितला नव्हता. (मामा खोलीत एकटे होते. एकटा माणूस बोलणार कुणाशी, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या वाडीत एकटी माणसंही बोलतात.)

सकाळी आम्ही तोंड धुवायला बाहेरच्या गॅलरीत आलो. मामा तिथे उभे होते. काटकुळे, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, कानावर विडी. आबांनी नमस्कार केला, एक शब्दही न काढता. मामांनीही नमस्कार केला, एक शब्दही न काढता. मग त्यांनी आमच्याकडे फार मायेने बघितलं आणि आंगठा ओठांकडे नेला.

आता इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हाला फार उशिरा कळली. मामा मुंबईला कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या कामाला होते. तिथे हजार साच्यांचा खडखडाट चालू असतो आणि शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या कामगारांनी आपल्या खुणा बसवलेल्या असतात. आंगठा ओठांकडे म्हणजे चहा घेणार का. डोक्यावर हात म्हणजे साहेब येतोय. बोट हवेत गोल फिरवलं म्हणजे साचा चालू कर. आदल्या संध्याकाळी मामांनी भोकातून तीन माणसं हातवारे करताना बघितली, तांब्या पडला तरी 'अगो बाय' असं कुणी म्हणत नाही हे बघितलं, मॅनेजर ओरडला तरी कुणी ओ देत नाही हेही बघितलं. त्यांनी जो निष्कर्ष काढायचा तो काढला आणि सगळी रात्र आमच्याबद्दल वाईट वाटून घेतलं.

आबांनी आंगठ्याचा अर्थ तहान असा लावला आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. मामांनी ते नको असताना सगळं प्यायलं. मग त्यांनी डोक्यावर पंजा ठेवून रस्त्याकडे बोट केलं. 'साहेब, म्हणजे मुलीचे वडील, वाट बघतायत' असं त्यांना म्हणायचं होतं. आमच्यात त्याचा अर्थ 'पाहुणे आलेत, घरी या' असा होतो. आबांचा चेहरा उजळला. मुंबईच्या माणसाला आपल्या वाडीची खूण येते, हे बघून त्यांनी मामांचा हात हातात घेतला.

मामांनाही हुरूप आला. त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं. चला, कामाला लागू, असं.

आबांनी ते बघितलं मात्र, धोतर खोचलं आणि जिना उतरून धावत सुटले. गुरं शेतात शिरली होती ना. आणि योग बघा, खाली रस्त्यात खरंच एक बैल भाजीवाल्या बाईच्या टोपलीत तोंड घालून उभा होता. आबांनी तो न ओरडता, नुसता फडका फिरवून हाकलला. मामा वरून बघत होते. 'बोलता येत नाय, पण माणूस मदतीला धावतो,' असं त्यांनी मनाशी नोंदवलं आणि आमच्याआधी पुढे निघून गेले, घरच्यांना सगळं सांगायला.

आम्ही पोचलो तेव्हा व्यापाऱ्याचं घर चिडीचूप होतं. दारात मुलीचे वडील हात जोडून उभे. त्यांनी हाताने 'या' केलं, हाताने 'बसा' केलं. ओटीवर सतरंजी होती, आजूबाजूला पाचसहा पुरुष, आत बायका, आणि कुणाच्याही तोंडातून शब्द नाही. छप्पर नसल्यामुळे वाशांच्या मधून उन्हाचे पट्टे खाली येत होते आणि त्यातला एक नेमका माझ्या डोळ्यांवर होता. मी डोळे बारीक करून सगळ्यांकडे बघितलं. आईने आबांना कोपराने ढोसलं आणि ओठांना हात लावून तो सगळ्या ओटीवरून फिरवला. सगळं घरच मुकं आहे, असं तिचं म्हणणं.

मला धक्का बसला, पण तो फार वेळ टिकला नाही. मी विचार केला की मुलगी मुकी असली तरी वाचते तर आहे. बोलायचं काय, दोघांपुरतं मी बोलेन.

मग सुमन पोह्यांच्या बश्या घेऊन आली. तिने बशी माझ्यापुढे ठेवली, समोर बसली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "तुम्हाला ऐकू येतं ना? नुसती मान हलवलीत तरी चालेल."

मी मान हलवली. खरं म्हणजे तेव्हाच तोंड उघडायचं. पण ही पुढे काय बोलते हे ऐकायची मला फार उत्सुकता लागली होती, आणि तिचा आवाजही मला आवडला होता. ती मुकी नाही याचा आनंद मी एकट्यानेच, गुपचूप साजरा करत होतो.

"आमच्या घरात उठल्यापासून सगळे एकदम बोलतात," ती म्हणाली, "भाताचे भाव, हमालांची भांडणं, आत्याची दुखणी, आणि मी एखादी वाचलेली गोष्ट सांगायला घेतली की ती मध्यावर येते न येते तोच कुणीतरी ताक मागतं, म्हणून मला वाटतं, माणूस मुळीच बोलला नाही तरी चालेल, पण त्याने दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकावं."

वाक्य संपलं आणि तिने इकडेतिकडे बघितलं. कुणीच मध्ये बोललं नव्हतं. तिला स्वतःचंच नवल वाटलेलं दिसलं. मग ती माझ्याकडे बघून हसली, आणि मी पुन्हा मान हलवली. माझ्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी भाषण तेच, त्यात मी एकही शब्द वापरला नव्हता.

तिथेच उठून घरी आलो असतो तर लग्न ठरलंच होतं. पण मुलीच्या वडिलांना राहवेना. ते मामांकडे वळले आणि आम्ही तिघं तिथे नसल्यासारखं म्हणाले, "ते सगळं खरं. पण मुका माणूस मास्तर झाला कसा? शाळेत शिकवतो कसा हा?"

"छडीने शिकवत असेल, दाजी," मामा म्हणाले. "कंट्री साइडला सगळं चालतं."

मला काय वाटेल ते म्हणा. माझ्या उंचीला नावं ठेवा, आमच्या वाडीला नावं ठेवा. पण माझ्या शिकवण्याला कुणी नावं ठेवलेली मी तेव्हाही ऐकून घेतली नाहीत आणि आजही घेत नाही. मी उठून उभा राहिलो.

"मी मुका नाही," मी म्हणालो.

ओटीवरची सगळी माणसं दचकली. आत एक भांडं पडलं. इथे मी थांबायला हवं होतं. 'मी मुका नाही' हे वाक्य पूर्ण आहे, त्यात कर्ता आहे, पुढे काही जोडायची गरज नाही. पण बारा तास दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मी भिंतीच्या फळ्या सांगितल्या. भोक सांगितलं. खुणा समजावून सांगितल्या, एकेक खूण करून दाखवली, आणि ती का करावी लागते हे कळावं म्हणून आमच्या डोंगराची रचना सांगितली. डोंगरावरून मी सावित्री नदीवर आलो, ती कुठे उगम पावते आणि कुठे समुद्राला मिळते ते हवेत बोटाने काढून दाखवलं. मी शिकवतो कसा, असा प्रश्न होता ना? म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे धडाधड म्हटले. उन्हाचा पट्टा सरकला की मीही सरकत होतो, पण थांबत नव्हतो.

"अहो, पण..." सुमन म्हणाली.

"थांबा, माझं वाक्य पुरं होऊ द्या," मी म्हणालो.

मी बोलतोय म्हटल्यावर आबांचाही बांध फुटला. "माजा पोरगा मुका? वो, वाडीत विचारा!" हे त्यांनी इतक्या मोकळ्या आवाजात सांगितलं की ते वाडीतही ऐकू गेलं असावं. वाशांवर बसलेले कावळे उडाले. आई आत बायकांना मडक्याची हकिकत सांगायला लागली. मुलीचे वडील, ज्यांनी सकाळपासून तोंड दाबून धरलं होतं, तेही सुटले. मग आत्या, मग हमाल. सगळे एकदम बोलत होते.

"मला एवढंच विचारायचं होतं..." सुमन पुन्हा म्हणाली.

"सांगतो, सांगतो. आधी अडीचकी ऐका."

तिसऱ्यांदा तिने नुसता हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. मी मास्तरकीच्या सवयीने तिला हात खाली करायची खूण केली. तिने केला. मग ती पोह्यांच्या बश्या गोळा करून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. मी तेव्हा सतरा अडीचे साडेबेचाळीसवर होतो, त्यामुळे माझ्या ते उशिरा लक्षात आलं.

दुपारी आम्ही एसटीची वाट बघत स्टँडवर बसलो होतो. मामा आले. त्यांनी आधी आबांना आंगठा ओठांकडे नेऊन दाखवला, आणि आता अर्थ माहीत झाल्यामुळे दोघंही हसत जाऊन चहा पिऊन आले. मग मामा माझ्या शेजारी बसले.

"मास्तर, गलती माजी हाय. भोकातून बघायला नको होतं. पण तुमच्याकडून पण एक डोळा आला होता, तेव्हा फिट्टंफाट."

"निकाल सांगा मामा."

"सकाळी मी घरी सांगितलं, पोरगा मुका हाय. दाजी तापले, सगळे नको म्हणाले. पोरगी एकटी म्हणाली, मुका असला तरी चालेल, मी बघते. पोहे दिले तेव्हा पण दारातल्या आईला खूण केली, हाच पायजे म्हणून. फुल होकार होता मास्तर."

"आणि आता?"

मामांनी कानावरची विडी काढली, पेटवली नाही, परत कानावर ठेवली. "आता दाजी हो म्हणतात. सगळं घर हो म्हणतं, पोरगा हुशार हाय म्हणतात. पोरगी नको म्हणते."

"का?"

"म्हणते, मुलगा फार बोलतो."

मला फार वाईट वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. तिने हसून माझ्याकडे बघितलेलं मला दिसत होतं आणि तिचं ते सबंध वाक्य मला तोंडपाठ झालं होतं. गाडी आली. आबा खिडकीतून आणि मामा स्टँडवरून, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत, एकमेकांना खुणा करत राहिले. त्या दोघांचं मात्र जमलं. पुढे कित्येक वर्षं मामा मे महिन्यात आमच्या वाडीवर येत आणि दोघं समोरासमोरच्या टेकाडांवर उभे राहून चहाला बोलावण्याचा सराव करत.

मला शेवटच्या बाकावर जागा मिळाली होती. शेजारी एक म्हातारा बसला होता, मांडीवर गाठोडं घेऊन. मला कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून मी त्याला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. मुलीने दिलेलं कारण कसं चुकीचं आहे, मी मुळात किती कमी बोलणारा माणूस आहे, आणि त्या दिवशी जे बोललो ते किती आवश्यक होतं, हे मी त्याला मुद्देसूद पटवून दिलं. म्हातारा मधूनमधून तोंड उघडून काही म्हणू बघत होता, पण एकंदरीत त्याला पटत असावं, असं मला वाटलं. पोलादपूर आलं. गाडी थांबली, मीही थांबलो, आणि त्याला विचारलं, "तुम्ही कुठं जाणार बाबा?"

"मी व्हय?" म्हातारा गाठोडं सावरत म्हणाला. "मला राजेवाडीला उतरायचं होतं, मास्तर. ती मगाशीच मागं रायली. म्हटलं, तुमचं वाक्य पुरं झालं की सांगीन."